रिफर्बिश्ड म्हणजे नेमकं काय केलं, ते पावतीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या बाथरूममध्ये कमोडशेजारच्या भिंतीला दीड फुटाची स्टीलची दांडी आहे. गेल्या वर्षी ती मी स्वतः बसवली. भोकं सहा, आणि दिवस लागले तेरा. त्यातले अकरा दिवस ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेलं, या एका शब्दापायी गेले. त्या शब्दाबद्दलच हे पत्र आहे. थोडं लांबेल, पण आपण छापाल अशी आशा आहे, कारण दिवाळीचे सेल लागले की हा शब्द पुन्हा प्रत्येकाच्या फोनवर नाचणार.

आधी माझी ओळख. वय 63. आयटीआयमध्ये शिवण-कर्तनाची निदेशिका म्हणून 29 वर्षं नोकरी केली. मशीनला मी घाबरत नाही. आमचे हे घाबरतात, घरातला फ्यूज उडाला तर शेजारच्या पोराला हाक मारतात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, 86 वर्षांच्या. श्रावणात त्या बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, पण कोपर काळंनिळं झालं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी तिथं हाताला धरायला काहीतरी लावा.

दांडी 650 रुपयांना मिळाली. लावायला माणूस मिळेना. ओळखीचा प्लंबर म्हणाला, ‘‘एवढ्यासाठी नाही जमणार बाई, आणखी काही काम काढा, मग येतो.’’ सुताराने 700 रुपये सांगितले आणि वर ‘पुढच्या आठवड्यात बघू’. सहा भोकांसाठी 700! शिवाय माझं स्वतःचं एक काम कित्येक वर्षं तुंबलेलं होतं. मधल्या खोलीत कापडाचे तागे, कागदी पॅटर्न, दोऱ्यांचे डबे ठेवायला चार फळ्या मारायच्या होत्या. म्हटलं, ड्रिल मशीन घरातच असू दे.

बऱ्या कंपनीचं, 13 मिलिमीटर चकचं (चक म्हणजे बिट, भोक पाडणारी सळई, धरून ठेवणारा जबडा), फिरता फिरता ठोके देणारा हॅमर असलेलं नवं मशीन 3,100 रुपयांना होतं. पुण्याहून मुलगा म्हणाला, ‘‘नवीन पाठवतो की.’’ मी नको म्हटलं. घरातलं ड्रिल वर्षातले 360 दिवस माळ्यावर पडून असतं. तेवढ्यासाठी नवं कशाला? त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं मशीन एका संकेतस्थळावर 1,490 रुपयांना दिसलं. खाली लिहिलेलं, ‘रिफर्बिश्ड, लाइक न्यू, तज्ज्ञांनी तपासलेलं’. मी मागवलं. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, स्वस्तात घ्यायला गेल्या आणि फसल्या.

मशीन आलं ते गौरी-गणपतीच्या तोंडावर. खोकं चकाचक. मशीनवर ओरखडे होते, पण पुसून तेल लावल्यासारखं दिसत होतं. मी वायर लावली, घोडा दाबला, दहा सेकंद फिरवलं, बंद केलं आणि खोक्यात ठेवलं. ही चूक माझी. रिकामं मशीन कसलंही असलं तरी फिरतं. शिलाई मशीनसुद्धा कापडाशिवाय चालवून कुणी घेत नाही, चार पदरी डेनिमवर चालवून बघतात. 29 वर्षं मुलींना हेच सांगितलं आणि स्वतःच्या वेळी विसरले. घरात गौरी, माहेरवाशिणी, पाहुणे. नऊ दिवस खोकं तसंच राहिलं. परत करायची मुदत सात दिवसांची होती.

दहाव्या दिवशी कामाला लागले. आमच्या बाथरूमची टाइल 1994ची, पांढरी, चकचकीत. टाइलवर बिट घसरतं, म्हणून खुणेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारली. टाइलला हॅमर लावायचा नसतो, तडा जातो. भाल्यासारख्या टोकाचं टाइलचं बिट लावून सावकाश फिरवत टाइल पार करायची, मग बिट बदलून आतल्या विटेला हॅमर लावायचा. बिट तापू नये म्हणून आमचे हे शेजारी उभे राहून आत्तींच्या औषधाच्या ड्रॉपरने पाण्याचे थेंब सोडत होते. त्यांच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच बांधकाम! धूळ खाली पडू नये म्हणून भोकाखाली पोस्टाचं पाकीट उघडं चिकटवलं होतं. तीन भोकं पडली. बाहेरून आत्तींचा आवाज, ‘‘काय पाडालीस गं भितीला? घर ऱ्हायील न्हवं?’’

चौथ्या भोकाला हॅमर लावला आणि वास आला. जळक्या वॉर्निशचा. मिक्सर जळताना येतो तोच. हवा यायच्या फटींतून आत बघितलं तर ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसलं. थोड्या ठिणग्या असतातच, त्याला कुणी भीत नाही. पण कडं दिसलं की मशीन बंद करायचं. मी घोडा सोडेपर्यंत धूर निघाला.

मिक्सर, शिलाई मशीनला बाहेरून लावतात ती मोटर आणि हे ड्रिल, या तिघांच्या पोटात एकाच जातीची मोटर असते. मधे तार गुंडाळलेलं फिरतं आर्मेचर, भोवती न फिरणारी तारेची गुंडाळी, म्हणजे फिल्ड, आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कम्युटेटर, आणि दोन बाजूंनी त्यावर घासत वीज पोचवणारे दोन कार्बन. कार्बन झिजतात. झिजण्यासाठीच असतात, चपलेच्या टाचेसारखे. मी मशीन खोललं. वाचकांना सल्ला: वायर भिंतीतून काढूनच खोला. एक कार्बन साधारण 10 मिलिमीटर उरलेला. दुसरा शिवणाच्या पट्टीने मोजला, तर जेमतेम 4. एकाला शेपटीची तार होती, दुसऱ्याला नव्हती, म्हणजे दोन वेगळ्या मशीनचे. आणि त्या छोट्या कार्बनच्या अंगावर कानशीचे ओरखडे! दुसऱ्या कुठल्या मशीनचा कार्बन घासून घासून इथे बसवला होता. कार्बन आखूड झाला की मागची स्प्रिंग त्याला नीट रेटू शकत नाही, तो थरथरतो, ठिणगी पडते, ठिणगीने तांबं काळवंडतं, आणि काळवंडलेल्या तांब्यावर आणखी ठिणग्या. पुढच्या गिअरमधलं ग्रीस काळं पडून वाळलेल्या काकवीसारखं झालं होतं. स्क्रूच्या खाचा मात्र ताज्या, चकचकीत. म्हणजे कुणीतरी हे मशीन माझ्या आधी उघडलं होतं, आत बघितलं होतं, आणि बघून पुन्हा मिटलं होतं.

फोन केला. दोन दिवस संगीत ऐकलं. तिसऱ्या दिवशी एक पोरगा भेटला. म्हणाला, मुदत संपली, आणि फोटोत प्रॉडक्ट वापरलेलं दिसतंय. मी म्हटलं, ‘‘बाळा, ते वापरलेलंच होतं. म्हणून तर तुम्ही रिफर्बिश्ड म्हणून विकलं.’’ तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘मॅडम, मी समजू शकतो.’’ समजून पुढे काही झालं नाही.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि क्रमांक दिला. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा विक्रेत्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. ती ‘निकाली’ अशी निघाली, की त्यांनी त्यांच्याच संकेतस्थळाच्या वॉलेटमध्ये माझ्या नावाने 300 रुपये टाकले. अजून ते तिथेच पडून आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही मला माहीत आहे. पण तेव्हा माझ्यापुढे तीन स्क्रूवर लोंबणारी दांडी होती, आणि आत्ती तिला धरतील या भीतीने मी तिच्यापुढे खुर्ची आडवी घालून ठेवली होती. आयोगापेक्षा उद्यमनगर जवळ.

कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. शहराच्या मधोमध असलेली ही कारखान्यांची वस्ती. लेथ, शेपर, फौंड्रीची कामं, मोटरीची तार पुन्हा गुंडाळून देणारी वाइंडिंगची दुकानं. एका गल्लीत बिघडलेला भाग उतरवायचा, दुसऱ्या गल्लीत तो तसाच्या तसा घडवून घ्यायचा. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. 1918 साली बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन या गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्याची ती आठवण. असल्या गावात राहून एक ड्रिल भंगारात घालायचं? मला ते पटेना.

मी गेले ते दुकान आठ बाय दहाचं. पत्र्याचं छप्पर, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, जमिनीवर उघडी पडलेली मिक्सरची भांडी, पंखे, दोन सबमर्सिबल मोटरी. मालक पन्नाशीचा. हातातलं काम न थांबवता म्हणाला, ‘‘ठेवा मावशी, उद्या सांगतो.’’ मी म्हटलं, उद्या नको, माझ्यासमोर खोला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खोललं. नाकाशी नेऊन वास घेतला. सिरीज बल्ब लावला, म्हणजे मोटरीतली तार कुठे तुटली नाही ना ते बल्ब पेटवून बघितलं. आर्मेचर हातावर फिरवलं. मग हसला. ‘‘मावशी, ह्याला फकस्त पुसलंय. आत कोण हात लावल्यालाच न्हाई. कार्बन तेवढा खोटा बसिवलाय.’’ मी विचारलं, आर्मेचर गेलं का? ‘‘न्हाई, अजून जित्तं हाय. आनि दोन भोकं पाडला असता तर गेलं असतं.’’

पुढचा अर्धा तास मी स्टुलावर बसून बघितला, कारण बघण्यासारखंच होतं. आर्मेचर छोट्या लेथवर लावून त्याने कम्युटेटरची काळी पडलेली कातडी अगदी हलक्या हाताने छाटली. तांबं लख्ख निघालं. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये मायका, म्हणजे वीज अडवणारा अभ्रकाचा थर, असतो. तांबं झिजलं की तो वर येतो आणि कार्बनला ठोकरतो. म्हणून जुन्या हॅक्सॉ पात्याच्या तुकड्याने त्याने एकेक खाच मोकळी केली, मायका खाली नेला. त्या कामाला कसलंही मापाचं यंत्र नव्हतं, फक्त अंगठ्याचं नख. प्रत्येक खाचेवरून नख ओढायचं आणि पुढे. मुलींना बटनहोलची गाठ तपासायला मी हेच शिकवायचे.

बेअरिंग दोन होती. मागचं खरखरत होतं, ते बदललं. नंबर 608: आत 8, बाहेर 22, जाडी 7 मिलिमीटर. काही वर्षांपूर्वी पोरं बोटावर भिंगरी फिरवायची ना, तिच्या मधे असायचं तेच बेअरिंग. स्विच बदलला, कारण घोडा सोडल्यावर मशीन क्षणभर फिरतच राहत होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं आणि हे सगळ्यात धोक्याचं होतं. गिअरमधलं ग्रीस रॉकेलने धुऊन नवं भरलं. शेवटी मेगर लावला, म्हणजे मोटरमधली वीज मशीनच्या अंगाशी कुठे गळत नाही ना ते बघायचं यंत्र. तो काटा सरकलेला मला दाखवला. आजची बहुतेक ड्रिल प्लास्टिकच्या अंगाची आणि दुहेरी आवरणाची असतात. पाटीवर चौकोनात चौकोन काढलेला असतो, ती त्याची खूण, म्हणून त्यांना दोनच पिना असतात. पूर्वी आमच्या आयटीआयच्या फिटर विभागात ॲल्युमिनियमच्या अंगाची, मुलुंडला बनणारी जाडजूड राली वुल्फ ड्रिल होती. ती आजही जुन्या बाजारात दिसतात आणि चालतातही उत्तम. पण तसलं घेणार असाल तर तीन पिना आणि घरात खरं अर्थिंग पाहिजेच. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवणारे बहाद्दर मी डोळ्यांनी बघितले आहेत.

सगळे मिळून 620 रुपये झाले. मी पावती मागितली. पावतीपुस्तक नव्हतं. त्याने वाइंडिंगच्या तारेच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि बॉलपेनने लिहिलं: ‘कार्बन जोडी नवीन. मागचं बेरिंग नवीन. स्वीच नवीन. आर्मेचर तेच, टर्निंग केलं. फिल्ड तेच. ग्रीस. मेगर ओके.’ खाली तारीख आणि फोन नंबर. मग डोकं खाजवून आणखी एक ओळ घातली: ‘चक थोडा हालतो, बदलला नाही.’

संपादक महाशय, मला जे म्हणायचंय ते सगळं त्या पुठ्ठ्यावर आहे. ज्याने रिफर्बिश्ड म्हणून विकलं, त्याने ‘तज्ज्ञांनी तपासलेलं’ एवढंच सांगितलं. ज्याने खरोखर रिफर्बिश केलं, त्याने काय बदललं, काय तसंच ठेवलं आणि कशात अजून खोट आहे, हे स्वतःहून लिहून दिलं. शेवटची ओळ लिहायची त्याला काही गरज नव्हती. त्या ओळीमुळे मला आधीच्या सगळ्या ओळी खऱ्या वाटल्या.

कायदा काय म्हणतो तेही मी बघितलं. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या केंद्रीय नियमांत रिफर्बिशर कोण ते सांगितलं आहे. वापरलेलं उपकरण दुरुस्त करून त्याचं आयुष्य वाढवणारा आणि मूळच्याच कामासाठी ते पुन्हा बाजारात विकणारा. त्या नियमांच्या यादीत ड्रिल, करवती आणि शिलाई मशीन एकाच गटात आहेत, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. पण आयुष्य वाढवलं की फडकं मारलं, हे गिऱ्हाइकाला कळावं कसं? आणि गंमत अशी, की अगदी छोट्या, सूक्ष्म उद्योगांना ते नियम लागूच नाहीत. म्हणजे पुठ्ठ्यावर खरं लिहिणारा त्या नियमांच्या बहुधा बाहेर, आणि न लिहिणारा आत.

24 डिसेंबर 2022ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. त्यात चार खण आहेत: शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर ही हत्यारं यातल्या कुठल्या खणात घालायची? फ्रीज सांभाळणाऱ्या घराइतकीच दुरुस्तीची गरज सुतार, गवंडी, फॅब्रिकेटर यांना आहे. त्यांचं पोट या हत्यारांवर आहे. उद्यमनगरच्या त्या दुकानात मी बसले होते तेव्हा एक फरशीवाला कटर घेऊन आला. आर्मेचर जळलेलं. कंपनीचं आर्मेचर जवळपास अर्ध्या मशीनच्या किमतीला, आणि तेही आठ दिवसांनी येणार. त्याने रिवाइंडिंग सांगितलं आणि उद्या पाहिजे म्हणाला, कारण उद्याचा रोज त्याला बुडवायचा नव्हता. हत्यारांसाठी पाचवा खण करा, आणि त्यात प्रत्येक मॉडेलच्या कार्बनचा नंबर आणि माप तरी टाका. तेवढ्याने कानशीने घासलेले कार्बन निम्मे कमी होतील.

जुनं हत्यार म्हटलं की काही गोष्टींना मात्र मी हात लावणार नाही. रविवारच्या बाजारात एका पथारीवर चार इंची ग्राइंडर बघितला, 700 रुपयांना. चालू होता. चकतीवरचं लोखंडी कवच नव्हतं. विक्रेता म्हणाला, ‘‘ते आडवं येतं ओ, सगळेच काढतात.’’ हे खरं आहे, सगळेच काढतात. पण असा ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेरे घेतो. चार इंची चकतीच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने फुटलेली चकती कवचाशिवाय कुठे जाणार? त्यावरची चकतीही जुनीच होती. कापायच्या चकतीच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, साधारण तीन वर्षांची, कारण तिला धरून ठेवणारं राळेचं बंधन जुनं झालं की कमजोर होतं. त्या कड्यावर काहीच वाचता येत नव्हतं. ड्रिल जुनं घ्या, ग्राइंडर जुना घ्यायचा तर कवचासकट घ्या आणि चकती नवी लावा.

आणि बायकांसाठी म्हणून एक सांगते, कारण ड्रिलच्या माहितीपत्रकात ते कुणी छापत नाही. पदर, ओढणी, वेणी, मंगळसूत्र. चकात अडकलेला दोरा सोडवायला वेळ मिळत नसतो. मी ह्यांचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालते, मंगळसूत्र आत टाकते आणि केस बांधते. हातमोजे घालत नाही, तेही अडकतात. डोळ्याला चष्मा मात्र पाहिजे, लांबचा-जवळचा नव्हे, कामाचा. 60-70 रुपयांना मिळतो.

तर उरलेली तीन भोकं. आधीच्यांसारखीच पडली, वास नाही, कडं नाही. आठ मिलिमीटरच्या बिटाने भोक, प्लास्टिकची गिट्टी ठोकली, दोन इंची स्क्रू. स्क्रू आवळून झाल्यावर मी दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळले. मी 68 किलोची आहे. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. दांडी हलली नाही.

मधल्या खोलीच्या फळ्यांना मात्र जास्त घाम निघाला. ती भिंत जुनी, मातीत रचलेल्या विटांची, वर चुन्याचा गिलावा. तिथे हॅमर लावला तर भोक पडत नाही, भगदाड पडतं. पहिलं भोक तसंच गेलं. वीट फुटून अर्धा तांब्या माती खाली आली आणि गिट्टी बोटाने निघेना का बोटाने जाईना, नुसती फिरत राहिली. मग आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराने, जे आता काम करत नाहीत पण सल्ला देतात, खुंटीची युक्ती सांगितली. हॅमर बंद. साध्या फिरकीने मोठं भोक, थोडं खालच्या बाजूला उतरतं. आत बाभळीची वाळलेली खुंटी, एका टोकाला किंचित निमुळती, तिला फेविकॉल लावून ठोकायची, एक रात्र राहू द्यायची, सकाळी भिंतीबरोबर कापायची आणि स्क्रू त्या लाकडात मारायचा. बारा खुंट्या तासायला मला दोन दुपारी लागल्या. पाणसळ ठेवून फळ्या लावल्या. तिसरी फळी डावीकडे दोन सूत खाली आहे. ते मला रोज दिसतं, दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

हिशेब असा: मशीन 1,490, दुरुस्ती 620, एकूण 2,110. नव्यापेक्षा 990 रुपये कमी. फोनवर गेलेला वेळ धरला तर फार स्वस्त पडलं असं म्हणता येणार नाही. विकणाऱ्याने तो 40 रुपयांचा कार्बन खरा घातला असता तर पडलं असतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. ‘रिफर्बिश्ड’ शब्द वापरून जो कुणी ड्रिल, मिक्सर, शिलाई मशीन विकतो, त्याने पावतीवर काय बदललं, काय तसंच ठेवलं आणि काय हलतं ते लिहावं. पुठ्ठ्यावर लिहिलं तरी चालेल. शहरातल्या ग्राहक संघटनांनी आणि आयटीआयच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी मनावर घेतलं तर वर्षातून एक रविवार वाइंडिंग विभागात मेगर, सिरीज बल्ब घेऊन बसता येईल. लोकांनी जुनी हत्यारं आणावीत, पोरांनी ती खोलून दाखवावीत. पोरांचा सराव होईल, लोकांना आतलं कळेल. मला बोलावलं तर मी चहा सांभाळीन आणि शिलाई मशीनच्या मोटरी बघीन.

ड्रिल सध्या घरी नाही. दांडीची बातमी गल्लीत पसरली आणि पहिल्यांदा समोरच्या घरात गेलं, तिथून त्यांच्या व्याह्यांकडे. आठ दिवस म्हणून नेलं होतं, आता महिना झाला. पुठ्ठा मात्र मी दिलेला नाही, तो माझ्या कपाटात आहे.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
निवृत्त निदेशिका (शिवण-कर्तन),
मंगळवार पेठ, कोल्हापूर